रोज पंचवीस ओव्या

यंदाच्या अंकाचा विषय ‘वाट दाखवणारे’ असा ठरला आहे, असे संपादकांनी कळवले आणि सकाळी अंघोळ करून पोथी उघडणारी माणसेच मला आधी आठवली. महाराष्ट्रात अशी घरे अजून पुष्कळ आहेत. कुणाकडे दासबोधाचा एक समास होतो. कुणाकडे गोंदवलेकर महाराजांच्या प्रवचनांच्या पुस्तकातले त्या तारखेचे पान वाचले जाते. कुणाचा हरिपाठ चुकत नाही, तर कुणाकडे दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. या सगळ्यांतून मी ज्ञानेश्वरी निवडली. ती नेमाने वाचणारी माणसे शेतकरी, शिक्षक, दुकानदार, परिचारिका अशी सगळ्या थरांतली आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना घरात दुसरे एकही पुस्तक लागत नाही. सातशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ रोज थोडा थोडा वाचून आजच्या माणसाला आयुष्यात दिशा मिळते म्हणजे नेमके काय होते, हे मला जवळून पाहायचे होते. म्हणून नेवासे तालुक्यातल्या एका गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात जाऊन बसले आणि तिथून पुढे आळंदीला गेले.

मंडपातले तीन तास

सप्ताहाचा दिवस पहाटे काकड्याने सुरू होतो आणि रात्री कीर्तन व जागराने संपतो. मधल्या वेळात गाथाभजन, प्रवचन, हरिपाठ. या सगळ्याच्या मध्यभागी, सकाळी आठ ते अकरा, ज्ञानेश्वरीचे पारायण. मी पोहोचले तेव्हा मंडपात सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. आणि बायांची बाजू उघडच मोठी होती. प्रत्येकाच्या पुढ्यात छोटा लाकडी स्टँड, त्यावर रुमाल, रुमालावर पोथी. कडेला वीणेकरी गळ्यात वीणा घेऊन उभा. सात दिवस ती वीणा खाली ठेवायची नसते. पहारा संपला की पुढचा गडी येतो, एकमेकांच्या पाया पडून वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते.

समोर व्यासपीठचालक. पारायण चालवणाऱ्याला हेच नाव आहे. गावाने आळंदीला शिकलेल्या एका तरुण महाराजांना बोलावले होते. त्यांनी नमनाच्या ओव्या सुरू केल्या आणि दुसऱ्या ओवीला सगळा मंडप त्यांच्या सुरात मिसळला. ग्रंथाच्या ओव्या सुमारे नऊ हजार. सात दिवसांत वाटल्या की दिवसाला तेराशेच्या घरात येतात, म्हणजे तीन तासांत मिनिटाला सात. वेग चांगलाच आहे. पण ओवीच्या बांधणीमुळे तो पेलतो. पहिल्या तीन चरणांत यमक असते आणि चौथा चरण आखूड. तिथे श्वास घ्यायला जागा मिळते. शंभर-दीडशे माणसे एकाच वेळी त्या आखूड चरणाशी थांबतात आणि पुढची ओवी उचलतात. ज्यांना अक्षर नीट लागत नाही त्यांनाही हा थांबा सांभाळून घेतो. जात्यावर ओव्या म्हणत वाढलेल्या बायांच्या अंगात ही चाल आधीपासूनच असते.

माझ्या शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक आजी बसल्या होत्या. डाव्या हाताने पान धरलेले, उजव्या हाताची तर्जनी ओळीखालून सरकत होती. मध्येच बोट थांबले, त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि माझी पोथी दोन पाने उलटून दिली. मी मागे पडले होते. अध्याय संपला, विठ्ठलाचा जयघोष झाला, चहा फिरला. तेव्हा त्या म्हणाल्या, “पहिल्यांदा बसलीस का माय? कानानं धर आधी. डोळे मागून येतेत.”

समासातली पेन्सिल

दुपारी पंगत उठल्यावर आजींनी आपली पोथी माझ्या हातात दिली. गीता प्रेसची, मोठ्या टायपातली. पुठ्ठ्याला घरच्या शिवणयंत्रावर शिवलेले खणाचे आवरण. पानांच्या कडा हळदकुंकवाच्या बोटांनी तपकिरी झालेल्या. मी सहज पाने चाळत होते, तर समासात ठिकठिकाणी पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेले. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला ‘पाऊस नाही’. त्याखाली वेगळ्या पेन्सिलीने ‘पाऊस बरा’. तेराव्या अध्यायात एके ठिकाणी ‘ह्यांचं ऑपरेशन’. अठराव्यात ‘धाकटीचं लगीन ठरलं’. पाचव्याच्या शेवटी नुसतेच ‘माघारी आला’.

आजी गुढीपाडव्याला पहिला अध्याय उघडतात आणि रोज पंचवीस ओव्या वाचतात. या हिशेबाने ग्रंथ पुढच्या पाडव्याच्या आसपास पुरा होतो. अधिक महिना नसेल तर नववा अध्याय आषाढ लागताना येतो आणि एकादशी त्याच अध्यायात पडते. ग्रंथातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा, सुमारे पावणेबाराशे ओव्यांचा तेरावा अध्याय पितृपक्षाच्या सुमाराला सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत पुरतो. अठराव्याला पौष अर्धा अधिक सरलेला असतो. म्हणजे दर वर्षी त्याच हंगामात तीच पाने समोर येतात, पण त्या वर्षाची अडचण वेगळी असते. गेल्या आषाढात पेरणी वाया गेली, या आषाढात नातवाला नोकरी लागली, आणि दोन्ही वेळा समोर नववा अध्याय.

“लिहून का ठेवता?” मी विचारले.

“मागल्या वर्साला याच पानावर मी काय करत होते, ते दिसतंय. त्यावेळी वाटलं व्हतं आता सपलं. सपलं नाही.”

रोजच्या वाचनाने दिशा कशी मिळते याचे मला मिळालेले सगळ्यात चांगले उत्तर हेच. पुस्तक तेच राहते, क्रम तोच राहतो, म्हणून आपण कुठून कुठे आलो ते मोजता येते. मनात येईल ते पान उघडून कौल लावणाऱ्याला हे मोजमाप मिळत नाही. पारायण चालवणारे महाराजही याच मताचे निघाले. लोक त्यांच्याकडे पोथी घेऊन येतात आणि “माउली, कोणती ओवी म्हटली की काम होईल?” असे विचारतात. ते सांगतात, पहिल्या ओवीपासून सुरुवात करा, तुमची ओवी वाटेत भेटेल.

भाऊबंदकीपासून सुरुवात

गीतेचे सातशे श्लोक आणि त्यांवर ज्ञानदेवांच्या नऊ हजार ओव्या. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, याच नेवाशात प्रवरेकाठी हा ग्रंथ सांगितला गेला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेव बसले असे मानतात तो पैस खांब आजही तिथल्या मंदिरात आहे. माणसे त्याला मिठी मारतात, कपाळ टेकवतात आणि मग सभामंडपात पोथी उघडून बसतात.

गावातल्या माणसाला हा ग्रंथ आपला का वाटतो, याचे एक कारण मला मंडपात बसल्यावर उमगले. त्याची सुरुवात जमिनीवरून झालेल्या भाऊबंदकीने होते. समोर चुलते, चुलतभाऊ, गुरुजी उभे आहेत आणि हातातले धनुष्य गळते आहे. बांधाच्या कोरावरून कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पहिल्याच अध्यायात ज्ञानदेव भुंग्याचा दाखला देतात. कोरडे लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकून पडतो, तसा शूर अर्जुन मायेत अडकला. दाखला ऐकताना मंडपातल्या पुरुषांच्या बाजूला दोन-तीन माना हलल्या.

त्यातला एक पस्तिशीचा शेतकरी संध्याकाळी हरिपाठानंतर बोलायला बसला. थोरल्या भावाशी विहिरीच्या पाण्यावरून त्याचा वाद चालू आहे. तीन वर्षांपासून तो रोज सकाळी गोठ्याचे काम उरकून दहा ओव्या वाचतो. मी थेट विचारले, वादाचे उत्तर मिळाले का? तो म्हणाला, “उत्तर नाही मिळालं ताई. पाळीचा वाद आहे, तो तलाठ्यापुढंच मिटायचा. पण सकाळी वाचून बाहेर पडलो की दादाला पहिला शब्द वाकडा जात नाही. आधी जायचा.”

या साध्या वाक्यामागे तेरावा अध्याय आहे. ज्ञानी माणसाची लक्षणे सांगताना ज्ञानदेव अहिंसेपाशी येतात आणि तिथे कितीतरी वेळ रेंगाळतात. अहिंसक माणूस पाऊल कसे टाकतो, कुणाकडे पाहतो कसा, हात कसा उचलतो आणि बोलतो कसा, हे ते एकेक करून दाखवतात. कमळावर उतरणारा भुंगा केसर चुरगळेल म्हणून पाय हळूच ठेवतो, तसे त्याचे चालणे. बोलायच्या आधी त्याची दया पुढे येते, शब्द मागून येतो. हा उपदेश एका वाक्यात उरकता आला असता. पण ज्ञानदेव दाखल्यावर दाखले देत जातात, आणि रोज दहा-पंचवीस ओव्या वाचणारा माणूस कित्येक दिवस त्याच एका गोष्टीत राहतो. इतके दिवस ‘हळू बोल’ असे कुणी समजावत राहिले तर त्याचा परिणाम होणारच. ग्रंथाची लांबी मला पूर्वी अडचण वाटायची. आता ती त्याची खरी रीत वाटते.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या एका परिचारिकेने हेच वेगळ्या शब्दांत सांगितले. रात्रपाळीला निघण्याआधी ती घरी सार्थ ज्ञानेश्वरीतल्या पाच ओव्या अर्थासकट वाचते. अठराव्या अध्यायात आपल्या वाट्याला आलेले कामच फुलांसारखे ईश्वराला वाहावे, असा भाग आहे. तो वाचून झाल्यावर काही दिवस तिने ड्यूटीच्या टेबलावर ठेवलेला देवाचा फोटो घरी नेऊन ठेवला. “तिथं पेशंट आहेत की,” ती म्हणाली. तिला कुणी तसे सांगितले नव्हते.

अजानवृक्षाजवळ

आळंदीत ज्ञानदेवांच्या समाधीजवळ अजानवृक्ष आहे. त्याच्या आसपास आणि मंदिराच्या ओवऱ्यांत कोणत्याही दिवशी जा, पोथी घेऊन बसलेली माणसे दिसतात. इथे मंडपासारखा एक सूर नाही. प्रत्येकाचा अध्याय वेगळा, आवाज वेगळा. कुणी पुटपुटते, कुणी चालीवर म्हणते, कुणी नुसते ओठ हलवते. जत्रेत आलेली गर्दी शेजारून सरकते आणि वाचणाऱ्यांची मान वर होत नाही.

या गावात वाचायला शिकवणारी रीतसर शाळा आहे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली इथे वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. त्याआधी कीर्तन-प्रवचनाची विद्या घराण्यांतून आणि फडांतून चालायची. जोग महाराजांनी ती गावोगावच्या मुलांसाठी खुली केली. चार वर्षांच्या अभ्यासात मुले ज्ञानेश्वरी, गाथा, हरिपाठ पाठ करतात आणि भजन शिकतात. आज महाराष्ट्रभर सप्ताह चालवणाऱ्या अनेक महाराजांचे गुरुकुल आळंदीच आहे. त्याच परंपरेतले सोनोपंत दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने ज्ञानेश्वरीची सार्थ आवृत्ती तयार केली, आणि मूळ ओवीखाली सोपा अर्थ अशी ती आवृत्ती, तसेच साखरे महाराजांची, आजही घरोघर वापरात आहे.

पाठांतर करणाऱ्या एका मुलाला मी विचारले की अर्थ कळतो का. तो प्रामाणिकपणे म्हणाला, “पहिल्या वर्षी नाही कळत. आधी तोंडात बसते, मग कधीतरी कळते.” त्याला समोर बसवून गुरुजी ओवी म्हणतात, तो म्हणतो, चूक झाली की पुन्हा. ग्रंथ शुद्ध ठेवण्याची ही धडपड जुनी आहे. ज्ञानदेवांनंतर तीनेकशे वर्षांत उतरवून घेणाऱ्यांच्या हातून पाठ इतके बिघडले होते की एकनाथांनी पोथ्या ताडून पाहून १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यात आपली ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे होय, अशी ताकीदही देऊन ठेवली. भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती साजरी होते ती या कामाची आठवण म्हणून.

धुळ्याच्या तुरुंगात

रोजचे वाचन आणि आयुष्याची वाट यांचा संबंध विनोबांच्या घरात फार ठळक दिसतो. त्यांच्या आई रुक्मिणीबाईंना गीता वाचायची होती, पण संस्कृत येत नव्हते. विनोबांनी मराठी समश्लोकी आणून दिली. तीही त्यांना अवघड गेली. मग तूच का करत नाहीस, असे त्या मुलाला म्हणाल्या. १९१८ साली त्या गेल्या. पुढे बारा वर्षांनी विनोबांनी ‘गीताई’ लिहायला घेतली. शाळेत न गेलेल्या माणसालाही रोज म्हणता येईल अशी सोपी गीता त्यातून मराठीला मिळाली.

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. फेब्रुवारी ते जून, दर रविवारी एक अध्याय, अशी अठरा प्रवचने त्यांनी सोबतच्या कैद्यांपुढे केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांचे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. समोर बसलेल्यांना घरी कधी जाऊ, घरचे कसे असतील हे ठाऊक नव्हते. त्यांना विनोबांनी आठवड्याला एकच अध्याय दिला आणि मधले सहा दिवस तो अध्याय त्यांच्यापाशी राहिला. गीता एका दिवसात वाचून होते. विनोबांनी अठरा आठवडे घेतले, आणि यातच त्यांची वाचनाविषयीची समज दिसते.

वेगाचा प्रश्न

म्हणूनच सप्ताहाबद्दल एक तक्रार नोंदवली पाहिजे. मिनिटाला सात ओव्या या गतीने अर्थ पोहोचत नाही. सामुदायिक पारायणाने ग्रंथ कानावर पडतो, गाव एकत्र जेवते, एरवी एकमेकांशी न बोलणारी माणसे मांडीला मांडी लावून बसतात. हे सगळे मोलाचे आहे. पण सात दिवसांनी पोथी रुमालात बांधून पुढच्या वर्षापर्यंत फळीवर ठेवली तर त्या वाचनाची वाट मंडपाच्या दारातच संपते. काही गावांत चार चार कर्णे लावतात आणि आकडे फळ्यावर लिहितात: वाचक किती, ग्रंथ किती. आकड्यांची ही हौस ग्रंथाच्या कामाची नाही.

दुसरी गोष्ट सोवळ्याची. मासिक पाळीच्या चार दिवसांत पोथीला हात लावायचा नाही, या नियमाने बायकांचा नेम महिन्याला तुटतो. पेन्सिलीने समास भरणाऱ्या आजी तरुणपणी त्या दिवसांत पोथी बंद ठेवून पाठ असलेल्या ओव्या म्हणायच्या. “मनाला कुठं शिवतंय कुणी?” हे त्यांचे शब्द. त्यांची सून ते दिवस पाळत नाही, रोज वाचते, आणि आजी तिला अडवत नाहीत. मुक्ताबाई आणि जनाबाईंच्या परंपरेत हा नियम सोडून द्यायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहरात आणि परदेशात नेमाचे रूप बदलले आहे. सकाळी मोबाइलवर एका ओवीचे निरूपण येते, लोकलमध्ये ऐकले जाते. कुठे भाऊ-बहिणी वेगवेगळ्या देशांतून आठवड्यातून एकदा ऑनलाइन जमून अर्ध्या तासाचे वाचन करतात. ऐकणे चांगलेच. पण ज्यांच्याशी मी बोलले त्यांपैकी ज्यांच्या वागण्यात फरक पडलेला दिसला, ते सगळे स्वतः मोठ्याने वाचणारे होते. आपल्याच तोंडून निघालेले वाक्य आपल्यालाच ऐकू येते आणि दिवसभरात ते कधीतरी आडवे येते. बैलगाडीच्या कण्याला वंगण घालावे तसे हे रोजचे काम आहे; एकदा भरपूर घालून वर्षभर भागत नाही.

सुरुवात करायची असेल तर

हा लेख वाचून कुणाला पोथी उघडावीशी वाटली तर आजींचा, महाराजांचा आणि त्या परिचारिकेचा सल्ला एकत्र करून सांगते. सार्थ प्रत घ्यावी, ओवीखाली अर्थ असलेली. वेळ आणि जागा ठरलेली असावी. सकाळ शक्य नसेल तर रात्री जेवणानंतर चालते. मोठ्याने वाचावे. न कळलेली ओवी तिथेच सोडून पुढे जावे, पुढच्या वर्षी ती पुन्हा भेटणारच आहे. पान चुकले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरपाई करू नये, जिथे थांबलो तिथून पुढे जावे. जवळ पेन्सिल ठेवावी. घरात कुणी म्हातारे माणूस असेल तर त्याला ऐकू जाईल असे बसावे, बहुतेक वेळा अर्धी ओवी तेच पुरी करते. नऊ हजार ओव्यांचा धाक वाटत असेल तर भक्तियोगाचा बारावा अध्याय आधी घ्यावा. तो २४७ ओव्यांचा आहे. रोज पंचवीस म्हटल्या तर दहा दिवसांत होतो.